पुतळामावशीच्या पाखरांची यादी

पुतळामावशीची आणि माझी ओळख माझ्या गाढवपणातून झाली. तो गाढवपणा मी आधीच सांगून टाकतो. पुढे तो भर सभेत दुसऱ्यानं सांगितला आणि लोक पोट धरधरून हसले, त्यापेक्षा हे बरं.

१९९५चा डिसेंबर होता. नेरुळच्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन मला दोन वर्षं झाली होती. बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत मी टपालाच्या टेबलावर कारकून. आठवडाभर पाकिटांवर शिक्के मारायचे आणि रविवारी पहाटे गळ्यात दुर्बीण अडकवून स्कूटरनं पनवेल गाठायचं, तिथून पुढे करंजाड्याच्या शेतांकडे. करंजाडे तेव्हा सरळ सरळ गाव होतं. भाताची खाचरं, बांध, बांधावर एखादी शिंदी, आणि गावाच्या खालच्या अंगाला गवताचा मोठा सखल पट्टा. मला वेड शिकारी पक्ष्यांचं. जयमाला, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "घरातला कांदा संपलेला दिसत नाही आणि मैलावरचा ससाणा बरा दिसतो!"

खरं सांगायचं तर ससाणाही नीट दिसायचा नाही. शिकारी पक्षी ओळखणं हा डोक्याला ताप आहे. नराचा रंग वेगळा, मादीचा वेगळा, पिल्लू मोठं होईपर्यंत तिसराच. पुस्तकातला पक्षी शहाण्यासारखा फांदीवर बसलेला असतो, आणि आपला पक्षी उन्हाच्या तिरिपीत काळा ठिपका होऊन दोन सेकंदांत पसार होतो. माझ्या वहीत निम्म्या नोंदींपुढे प्रश्नचिन्ह असायचं.

त्या सकाळी मात्र एक पक्षी बांधाला लगटून माझ्या अगदी समोरून गेला. राखी पाठ, आखूड पंख, आणि पाय? पाय चक्क गुलाबी-लाल! माझ्या अंगावर काटा आला. आफ्रिकेकडे जाताना आपल्याकडून ओझरते जाणारे लाल पायांचे ससाणे पुस्तकात होते. मी घाईघाईनं वही काढली, तारीख घातली, वेळ घातली आणि नाव लिहिलं. शाई वाळायच्या आत मागून एक बाई ओरडत आली. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, हातात काठी.

"मेल्या, बगतोस काय! माजा पिल्लू नेला त्यानं!"

"कोणतं पिल्लू?"

"तुज्या नाकासमोरून गेला ना, गुलाबी!"

तेव्हा कळलं. गावात कोंबडीची पिल्लं निघाली की त्यांना रंगपंचमीच्या उरलेल्या रंगात बुचकळून काढायची पद्धत होती. हिरवं, गुलाबी, जांभळं पिल्लू बघून वरच्या पाखराला वाटावं की हे काहीतरी भलतंच आहे, आणि त्यानं नाद सोडावा. या पाखरानं सोडला नव्हता. मी ज्याला लाल पाय म्हणून वहीत चढवलं होतं, ते तिचं आठ दिवसांचं पिल्लू होतं आणि पक्षी साधा शिक्रा होता. मी तिला वही दाखवून सगळं सांगितलं. पिल्लू गेल्याचं दुःख विसरून ती बांधावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"येवढी मोठी दुर्बीन गल्यात, न् पाय कंचा, पिल्लू कंचा ता कलत नाय!"

पुतळाबाई भोईर तिचं नाव. तेव्हा पंचावन्नच्या आसपास असेल. माहेर उरणकडचं, बाप मिठागरावर कामाला. पंधराव्या वर्षी करंजाड्यात दिलेली. नवरा काविळीनं गेला तेव्हा ती तिशीतही नव्हती. मूलबाळ नाही. दीड एकर भात, दिवाळीनंतर त्याच ओलीवर वाल, आणि चाळीस-पन्नास गावठी कोंबड्या, एवढ्यावर तिनं एकटीनं संसार ओढला. अंडी आणि कोंबड्या पनवेलच्या बाजारात नेऊन विकायची. गिऱ्हाईकानं घासाघीस केली तर टोपली उचलून दुसरीकडे जाऊन बसायची. साक्षरतेचे वर्ग गावात आले तेव्हा म्हातारपणी जाऊन सही शिकली. "पु" काढताना जीभ बाहेर यायची, पण सही अशी ठसठशीत की आमच्या साहेबांनी बघून लाजावं.

कोंबड्या राखायच्या म्हणून तिला तीस वर्षं आभाळ बघावं लागलं. पण आभाळ बघायची तिची रीत निराळी होती, आणि तीच मी तिच्याकडून शिकलो. ती वर बघतच नसे. ती कोंबड्यांकडे बघायची.

"तू आदी वर बगतोस, म्हनून चुकतोस," ती मला म्हणाली. "कोंबरी काय बोलते ता आईक. मंग बग वर."

घार आली तर कोंबडी एक डोळा वर करून चोच मारायचं काम चालूच ठेवते. शिक्रा आला तर कोंबडा एकच बारीक, लांब सूर काढतो आणि पिल्लं जमिनीत गडप झाल्यासारखी नाहीशी होतात. साप खाणारा मोठा गरुड थेट डोक्यावर आला तरी कोंबड्या ढिम्म हलत नाहीत, कारण त्यांना माहीत असतं की तो त्यांच्या वाटेचा नाही. मी दोन महिने हे पडताळून बघितलं. ती पाठमोरी बसून वाल सोलायची आणि पाखराचं नाव सांगायची. मी दुर्बिणीतून बघून पुस्तक चाळायचो. शंभरात पाच वेळाही ती चुकली नाही. माझा आकडा मी सांगत नाही.

नावं अर्थात तिची स्वतःची होती. हवेत एका जागी पंख फडफडवत टांगून राहणारी खरुची, तिची "टांगनी." सापवाला गरुड "साप्या." शिक्रा "झडप्या." हिवाळ्यात बांधावर खांदे पाडून तासन्‌तास बसून राहणारा काळपट गरुड, तो "म्हातारा." आणि सगळ्यांत लाडकी "चालनी." पुस्तकात तिला भोवत्या म्हणतात. ती गवतावरून हातभर उंचीनं, पंख वर धरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत संथ फिरत राहते. पुतळामावशीच्या मते ती शेत चाळून काढते.

मी वहीत राखाडी भोवत्या एक जात आणि तपकिरी दुसरी जात, अशा दोन नोंदी केल्या होत्या. तिला वाचून दाखवल्या.

"दोन कुठच्या? नवरा-बायको हायेत ती. बायको करडी, ढुंगनाला चुना फासलेली. नवरा राखारी. रंग कशाला बगतोस, चाल बग. चाल येकच हाय ना?"

पुस्तकात मागच्या पानावर तेच छापलेलं होतं. मी ते पान वाचलं नव्हतं.

या चाळण्या ऑक्टोबरात यायच्या आणि मार्चअखेर जायच्या. दिवस कलला की गावाखालच्या गवताच्या पट्ट्यात एकेक करून उतरायच्या आणि जमिनीवरच मुक्काम करायच्या. एका संध्याकाळी आम्ही तेवीस मोजल्या. त्या पट्ट्याला लागूनच पुतळामावशीचं शेत. "त्या हायेत म्हनून माज्या वालात उंदीर नाय," ती म्हणायची. पट्टा सखल असल्यानं पावसाचं पाणीही तिच्या शेतातून उतरून तिकडे जायचं. म्हणजे पाण्याचा निचरा आणि उंदरांचा बंदोबस्त, दोन्ही त्या पट्ट्याच्या भरवशावर.

आता राजवर्धनचं सांगतो. सांगताना डोकं तापतं, पण इलाज नाही.

राजवर्धनला मीच तिच्याकडे नेला. साताऱ्याकडचा, बोलायला गोड, प्राणिशास्त्रात मोठी पदवी घेतलेला. पक्षी बघणाऱ्यांच्या एका मेळाव्यात ओळख झाली. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण ज्ञान अफाट. मी भारावून गेलो. शिक्र्याच्या गुलाबी पायांची गोष्टही त्याला मीच सांगितली, स्कूटरवर मागे बसवून, हसत हसत. मित्र आहे म्हणूनच सांगितली.

पहिल्याच दिवशी त्यानं पुतळामावशीला वाकून नमस्कार केला. ती गोंधळून गेली. शिकलेला, बुटातला माणूस आपल्या पाया पडतो! दोन हिवाळे तो येत राहिला. तिच्या ओट्यावर बसून एकेका नावापुढे शास्त्रीय नाव लिहायचा. "बाई, तुमची चाळणी म्हणजे आमचा भोवत्या बरं का," असं तिला समजावून सांगायचा. तिनं ते पाठ केलं होतं. बाजारात शेजारणीला सांगायची, "माजी चालनी पुस्तकान हाय." भाकरीबरोबर त्याला सुकट आवडते म्हणून ती उरणहून मागवून ठेवायची. मला कधी मागवली नाही. मी चिडवलं तर म्हणायची, "तू घरचा हायेस."

१९९७च्या दिवाळीत बातमी आली. एका खासगी कंपनीला कंटेनर ठेवायचं यार्ड करायचं होतं आणि त्यांचा डोळा नेमका गवताच्या पट्ट्यावर होता. माणूसभर उंचीचा मुरूम टाकून सगळं सपाट करणार. तसं झालं तर पुतळामावशीच्या शेतातलं पाणी उतरणार कुठे? भात दिवाळीपर्यंत पाण्यात कुजणार, आणि चाळण्या तर गेल्याच. परवानगीआधी मात्र पर्यावरणाची पाहणी आणि बेलापूरला जनसुनावणी व्हायची होती. त्यातली पक्ष्यांची पाहणी कंपनीनं राजवर्धनला दिली.

आम्हाला आनंदच झाला, काय सांगू! राजवर्धन स्वतः म्हणाला, "बरं झालं माझ्याकडे आलं. एवढे शिकारी पक्षी एका जागी मुक्कामाला आहेत अशी नोंद झाली, की यार्ड पलीकडच्या खडकाळ माळावर सरकवावं लागेल. टेन्शन घेऊ नका, बाई." पुतळामावशीनं त्याच्यावरून मीठमोहऱ्या उतरायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या.

जानेवारीत तो एका रविवारी टाइप केलेले कागद घेऊन आला. पुतळामावशीनं त्या दिवशी आमच्यासाठी पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, आणि एक आख्खी कोंबडी. तिनं कोंबडी कापली म्हणजे पाहुणा किती मोठा, ते समजा. अंगणात मडकं फोडून आम्ही तिघं जेवायला बसलो. बोटं तेलानं, मसाल्यानं बरबटलेली.

जेवता जेवता राजवर्धननं डाव्या हातानं पिशवीतून कागद काढले. इंग्रजीत टाइप केलेले. शेवटचं पान वर धरून म्हणाला, "बाई, सगळी पाखरं यात आहेत. स्थानिक जाणकार म्हणून तुमची सही हवी. तुमच्या नावाशिवाय ही यादी अपुरी आहे."

पुतळामावशीनं हात धुतले, पदराला पुसले. कागद घेतला. माझ्याकडे बघितलं.

"बघू," मी राजवर्धनला म्हटलं.

"तीच नावं आहेत हो, नुसतं टाइप केलंय," तो म्हणाला, आणि हसला. "तुमच्या हाताला तेल आहे."

मी मान डोलावली. पुतळामावशीनं जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर कोरत सही केली. मग राजवर्धननं दुसऱ्यांदा कोंबडी मागून घेतली.

सुनावणी फेब्रुवारीत झाली. बेलापूरच्या एका हॉलमध्ये, माझ्या कचेरीपासून चार मिनिटांवर. मी अर्धी रजा टाकून गेलो. गावातून फारसं कोणी आलं नव्हतं. तरण्याताठ्या पोरांना कंपनीनं यार्डात डंपरचं काम लावून देतो असं कबूल केलं होतं, त्यामुळे ती घरीच. पुतळामावशी मात्र हिरवंगार नवं लुगडं नेसून, केसात अबोलीचा गजरा घालून पहिल्या रांगेत बसली होती. आपलं नाव सरकारात वाचलं जाणार म्हणून.

खुर्चीवरचे अधिकारी वयस्कर आणि सभ्य होते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्यापुढे जो अहवाल होता त्याचा मराठी सारांश त्यांनी वाचला. रस्ते, धूळ, पाणी झालं. मग पक्षी आले. "प्रकल्पाच्या जागेत सामान्य घार व कावळे यांव्यतिरिक्त अन्य पक्षी नियमितपणे आढळत नाहीत. शिकारी पक्ष्यांच्या दृष्टीने या जागेस महत्त्व नाही. स्थानिक जाणकार श्रीमती पुतळाबाई भोईर यांनी पाहणीत सहभाग घेऊन यादी प्रमाणित केली आहे."

मला वाटलं, पानं बदलली असतील. मी राजवर्धनकडे बघितलं. तो पेनाचं टोपण लावत होता.

मी उभा राहिलो. आवाज चढला होता, मला ठाऊक आहे. म्हटलं, हे धादांत खोटं आहे, मी तीन हिवाळे तिथे जातोय, तिथे तेवीस भोवत्या मोजलेत, माझ्या वहीत तारखा आहेत. अधिकाऱ्यांनी विचारलं, आपण या विषयातले तज्ज्ञ आहात का? मी म्हटलं, नाही, हौस आहे. कारकून आहे.

राजवर्धन शांतपणे उठला. "सर, दिनानाथ माझे मित्र आहेत, मनापासून आवड आहे त्यांना. पण नोंदींचं म्हणाल तर..." आणि त्यानं गुलाबी पिल्लाची गोष्ट सांगितली. सगळी. माझी घाई, लाल पायांचा ससाणा, मागून काठी घेऊन आलेली बाई, सगळं नकलेसकट. हॉल हसला. चहा वाटणारा माणूसही हसला. मी हातातल्या वहीसकट खाली बसलो. ती गोष्ट माझी होती, मी त्याला विश्वासानं दिली होती, आणि त्यानं ती माझ्याच थोबाडावर मारली.

पुतळामावशीला सारांश नीट कळला नव्हता, पण हसू कळलं. ती उठली.

"साहेब, मी सांगतय. घार हाय, पन निस्ती घार नाय. चालनी हाय, टांगनी हाय, साप्या येतय, म्हातारा बसतय बांदावर..."

"बाई, हे कुठले पक्षी म्हणायचे?" अधिकाऱ्यांनी आपुलकीनं विचारलं. "पुस्तकातली नावं सांगता येतील?"

तिला एक नाव नक्की येत होतं. दोन हिवाळे घोकलेलं. पण माईक, माणसं, पंखे, त्यात ते ऐन वेळी गळून पडलं. ती गडबडली नाही. वळून राजवर्धनकडे हात केला, जसा घरच्या माणसाकडे करावा.

"साहेब, तुमी सांगा ना. चालनी म्हंजे पुस्तकातली कंची? तुमीच मना शिकवलाव."

मी राजवर्धनकडे बघत होतो. अजूनही मला वाटत होतं, आता तरी सांगेल. एक शब्द होता तो. तीन अक्षरांचा.

"मला कल्पना नाही, सर," राजवर्धन अधिकाऱ्यांना म्हणाला. "गावठी नावं आहेत. एका नावाखाली काहीही येऊ शकतं."

पुतळामावशीचा हात तसाच पुढे राहिला. मग तिनं तो पदराखाली घेतला.

"बाई, ही सही तुमचीच ना?" अधिकाऱ्यांनी कागद पुढे केला.

तिनं बघितलं. "माजीच हाय," ती म्हणाली, आणि खाली बसली.

बाहेर पडल्यावर मी राजवर्धनला जिन्यात गाठला. दंड धरला. माझ्या तोंडून काय काय शिव्या गेल्या त्या इथे लिहीत नाही. त्यानं हात सोडवून घेतला, शर्टाची बाही नीट केली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "दिनानाथ, तुम्हाला एक तारखेला पगार मिळतो. मला प्रत्येक काम मिळवावं लागतं. यार्ड होणारच होतं. मी नसतो तर दुसऱ्यानं लिहून दिलं असतं, आणि त्यानं बाईंना विचारलंही नसतं. मी निदान त्यांचं नाव तरी रिपोर्टात आणलं."

हे तो मनापासून म्हणाला. त्याचाच मला जास्त संताप येतो.

तेवढ्यात पुतळामावशी जिना उतरून आली. राजवर्धन सवयीनं नमस्काराला वाकला. ती दोन पायऱ्या मागे सरकली.

"ऱ्हाऊ दे साहेब. कापरं मलतील."

मी तिला स्कूटरवरून करंजाड्याला सोडलं. घरी पोचल्यावर तिनं कोंबड्यांना दाणे टाकले आणि माझ्यासाठी चहा ठेवला, जसा दर वेळी ठेवायची.

मी स्वस्थ बसलो नाही. तीन अर्ज केले, वहीच्या नकला जोडल्या. टपालाच्या टेबलावर बसणारा माणूस मी, माझे अर्ज कुठे जाऊन पडत असतील ते मला न सांगताच कळत होतं. दर रविवारी करंजाड्याला जायचो आणि तिच्या ओट्यावर बसून राजवर्धनच्या नावानं बोटं मोडायचो. नीच, हरामखोर, जेवल्या ताटात थुंकणारा. ती ऐकून घ्यायची. मध्येच "हां" म्हणायची. भाकरी वाढायची. मला वाटायचं, आम्ही दोघं एकाच माणसाकडून फसलो, म्हणून आता तर आम्ही जास्तच एक झालो. मार्चमध्ये चाळण्या गेल्या. शेवटची गेली त्या सकाळी मी तिला विचारलं, पुढल्या वर्षी येतील का? ती म्हणाली, "येतील. उतरतील कुठं, ता नाय ठाव."

मे महिन्यात डंपर लागले. पहिल्या आठवड्यातच गवत दिसेनासं झालं. मुरमाचा ढीग तिच्या बांधापर्यंत आला आणि बांधापलीकडे चढत गेला, तिच्या डोक्याहून उंच. पाण्याची वाट बुजली. आम्ही दोघं बांधावर उभे होतो. धुळीनं तोंडात माती येत होती. मी नेहमीप्रमाणे सुरू केलं, की त्या राजवर्धनला एकदा इथे आणून उभा करायला हवा, त्याच्या...

"दिनाभाऊ," ती मध्येच म्हणाली, "तुना विंग्रजी वाचता येते ना?"

"येतं."

"त्या दिशी कागद तुज्या फुडून गेला. तू का नाय वाचलास?"

हा प्रश्न तिनं तीन महिने पोटात ठेवला होता. तीन महिने मला भाकरी वाढत होती. माझ्याकडे उत्तर होतं. हात बरबटलेले होते, माणूस ओळखीचा होता, कागद मागून घेतला तर त्याला काय वाटेल अशी भीड पडली. मी डंपरांकडे बघत उभा राहिलो. एक डंपर रिकामा झाला, दुसरा मागे लागला.

तिनं पदरानं तोंडावरची धूळ पुसली.

"त्या साहेबाला मी काय वलखत व्हते? दोन सालाचा त्यो. मी सही केली ती त्याच्यावर नाय केली, भाऊ. तू बाजूला बसला व्हतास, म्हनून केली."